मामा, गवा आणि आंबोलीचा रस्ता

मामा ३१ वर्षं ट्रक चालवत होते. कोल्हापुरातून गूळ, भाजी, कधी सिमेंट भरून घाट उतरायचा आणि येताना जांभ्याचा चिरा नाहीतर मासळी घेऊन वर यायचं. फोंडा घाट, आंबोली, गगनबावड्याचा करूळ घाट, तिन्ही रस्त्यांची वळणं त्यांना पाठ. मग एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं राहिलं, आणि आता लायसन्स पुन्हा काढायचं नाही असा मामींचा हुकूम निघाला. मामा घरी बसले.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेलो होतो. अंगणात माझी बुलेट उभी होती. मामांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या सीटवर हात ठेवून दाबून बघितलं आणि म्हणाले, "भाचेराव, मला मागं बसवून एकदा घाट फिरवून आण की. एकतीस वर्षं रस्ता बघितला. जंगल बघायचं ऱ्हाऊनच गेलं."

मामींनी विरोध केला, तो ठरल्याप्रमाणे मोडून काढला गेला. मामा तेव्हा ६८ वर्षांचे होते. पाठीला पट्टा, डोक्यावर माझं जादाचं हेल्मेट, आत टोपी. बेत असा ठरला की पहाटे निघून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, सावंतवाडीत जेवायचं, संध्याकाळपर्यंत आंबोली चढायची आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आजरा-गडहिंग्लजवरून घरी यायचं.

मला हा रस्ता नवा नव्हता. मी पुण्यात राहतो आणि बरीच वर्षं मित्रांबरोबर बाइकवर हिंडतो. दर जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की आमची एक राइड ठरलेली असे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पुण्यातून निघायचं, रात्रभर गाडी चालवायची आणि उजाडायच्या आत आंबोलीत धबधब्यासमोर चहा प्यायचा. या राइडची आखणी मीच करायचो. सलग नऊ वर्षं मी ती केली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

*

राधानगरीपर्यंत उसाचा मुलूख आहे. हळदी, भोगावती मागे पडलं की डोंगर जवळ येऊ लागतात. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याचं काम काढलं ते धरण उजाडताना लागलं. मेअखेरचं पाणी खाली गेलेलं, काठाची तांबडी माती उघडी पडलेली. मामा मागून एकेक खूण सांगत होते. इथं अमक्याचा चहा असायचा, इथं एकदा पाटा तुटला, इथं पोलीस उभे राहायचे. जंगलाबद्दल अजून एक अक्षर नव्हतं.

दाजीपूरच्या अलीकडे झाडी दाट होते आणि रस्ता तिच्यातून वळत जातो. हे एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी राखीव झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी अजून 'बायसन' असतं. ते नाव इंग्रज शिकाऱ्यांनी चिकटवलेलं. बायसन हा युरोप-अमेरिकेतला वेगळा प्राणी, आपला तो गवा.

धुकं होतं. मी चाळीसच्या आत होतो. एका वळणावर मामांनी माझ्या खांद्यावर दोनदा थापटलं. ट्रकमध्ये क्लीनर पत्र्यावर थापटतो तसं. मी ब्रेक लावला.

"गाडी बंद कर. लाइट बी."

मला काहीच दिसलं नव्हतं. इंजिन थांबल्यावर आधी वास आला, गोठ्यासारखा पण जास्त उग्र. मग धुक्यात काळा दगड वाटत होता त्याने मान हलवली. वीसेक पावलांवर गवा रस्त्याच्या मधोमध आडवा उभा होता. नर. खांद्यापाशी माझ्या डोळ्यांच्या उंचीचा, पाठीवर उंचवट्याची ती कड, आणि गुडघ्याच्या खाली चारही पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. पुरा वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. माझी बुलेट दोनशेच्या आत आहे.

माझा हात खिशाकडे गेला. आम्हा बाइकवाल्यांची एक भाषा असते. 'गवा मिळाला', 'बिबट्या मिळाला'. मिळाला म्हणजे मोबाइलमध्ये आला.

"फोन आत ठेव," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "त्याच्या डोळ्यात बघू नकोस. अंग बघ त्याचं. आडवा उभा हाय म्हंजे अजून नुसतं दाखवतोय, मी केवढा हाय ते. डोकं खाली घालून फुसकारला की मग आपलं काय खरं न्हाई."

मग त्याच्या पलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला, झाडीत हालचाल दिसली. माद्या होत्या, चार की पाच. आणि उजव्या अंगाला, आमच्या बाजूच्या चारीत, तांबूस रंगाचं एक वासरू. त्याला रस्त्यावर यायचं होतं आणि आमच्यामुळे येता येत नव्हतं. मामांनी माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. "निम्मा कळप तिकडं, पोरगं हिकडं. आपण मधी हाय. हलू नकोस."

तेवढ्यात मागून एक पांढरी मोटार आली. एमएच १२, माझ्याच गावची. आम्हाला मध्ये थांबलेलं बघून ड्रायव्हरने हॉर्न दिला. एकदा, मग लांबलचक. गव्याने नाकातून जोरात हवा सोडली, शिटी आणि शिंक यांच्या मधला आवाज, आणि तोंड आमच्याकडे केलं. आता तो आडवा नव्हता.

त्या क्षणी मला आठवला तो कोथरूडचा गवा. ९ डिसेंबर २०२०. सकाळी सकाळी एक गवा कोथरूडच्या महात्मा सोसायटीत शिरला होता. लोक जमले, मागे धावले, कठड्यांवर चढून व्हिडिओ काढले. तो गल्ल्यांमधून पळत राहिला. शेवटी इंजेक्शन मारून त्याला पकडलं आणि त्याच दिवशी तो मेला. त्या सकाळी माझ्या फोनवर तो व्हिडिओ आला, मी तो तीन ग्रुपवर पुढे ढकलला होता आणि खाली लिहिलं होतं, 'कोथरूडमध्ये आता गव्यांनाही फ्लॅट हवाय.' संध्याकाळी तो मेल्याचं कळलं तेव्हा मी तो मेसेज पुसला. पण तोवर सगळ्यांनी वाचला होता, हसले होते.

मामा केव्हा उतरले ते मला कळलं नाही. मागे वळून न बघता ते उलटी पावलं टाकत मोटारीपर्यंत गेले आणि काचेवर बोट वाजवलं. पुढचं मला ऐकू आलं ते एवढंच, "साहेब, जरा दम धरा. पोरगं अलीकडं ऱ्हायलंय तिचं." मोटारीचं इंजिन बंद झालं. मामा तिथेच उभे राहिले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील. वासरू चारीतून वर आलं, डांबरावर त्याचे खूर घसरले, सावरलं आणि उड्या मारत पलीकडे गेलं. एक मादी पुढे येऊन त्याला हुंगून आत घेऊन गेली. नर शेवटी गेला. पळाला नाही. हप्त्याने कर्ज फेडावं तसा एकेक पाय उचलत गेला.

पांढरी मोटार आमच्याजवळून जाताना ड्रायव्हरने काच खाली करून मामांना हात जोडले. मामा मागे बसले, हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाले, "एवढ्या जवळनं आज पहिल्यांदा बघितला. पांढरं पाय असत्यात व्हय त्याचं?"

एकतीस वर्षं या रस्त्यावर काढलेल्या माणसाला गव्याचे पाय पांढरे असतात हे माहीत नव्हतं. ट्रकच्या दिव्यात त्यांना दिसायचे ते फक्त डोळे, हिरवट चमकणारे. डोळे दिसले की वेग कमी करायचा, डोळे गेले की वाढवायचा.

*

फोंडा घाट उतरताना मामा मोकळे झाले. सांबराची गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगितली. आमच्या घरात प्रत्येक लग्नकार्यात ती सांगितली जाते. रात्रीचे अडीच, याच घाटात, भरलेली गाडी, आणि वरच्या कड्यावरून एक सांबर थेट बॉनेटसमोर उडी मारतं. हेडलाइट फुटला, बंपर वाकला, मामांनी गाडी दरीत जाऊ दिली नाही. सांबर उठून लंगडत गेलं की तिथेच पडलं, हे सांगणाऱ्याच्या मनावर असतं. बंपरचे पैसे मालकाने पगारातून कापून घेतले, हा गोष्टीचा शेवट.

या वेळी मामांनी त्या वळणावर गाडी थांबवायला लावली. खाली उतरून कठड्यापाशी गेले. वर कड्याकडे बघितलं. "एवढ्या वरनं उडी मारली हुती," म्हणाले. "पाठीमागं काहीतरी लागलं असणार त्याच्या. उगंच कोण मारंल?" हा प्रश्न त्या गोष्टीत यापूर्वी कधी आला नव्हता.

प्राणी रस्त्यावर का येतात याची कारणं तशी साधी आहेत. झाडी कापून रस्ता काढला की दोन्ही कडांना ऊन पोचतं आणि कोवळं गवत उगवतं. गव्यांना, सांबरांना ते हवं असतं. डांबर दिवसभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतं. साप त्या उबेवर येऊन पडतात. आणि पुष्कळदा कारण याहूनही साधं असतं. पाणी एका बाजूला असतं, चारा दुसऱ्या बाजूला. ते जात असतात तिथे आपण मध्ये रस्ता काढलेला असतो.

सावंतवाडीत मामांचे जुने गॅरेजवाले मित्र भेटले. दोघांनी बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला, मग भिंतीला टेकून तासभर जुन्या गाड्यांचे नंबर आठवत बसले. मी घड्याळाकडे बघत होतो, पण उठवायचा धीर झाला नाही. निघायला साडेसहा वाजले. दाणोलीला पोचलो आणि पाऊस सुरू झाला. त्या वर्षीचा तिथला पहिला मोठा पाऊस. आभाळ आठवडाभर दाटत होतं, ते त्या संध्याकाळी मोकळं झालं.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटात तो वरून पडतो, बाजूच्या कातळावरून येतो आणि रस्त्यावरून वाहतो. धबधब्यापाशी एका टपरीच्या ताडपत्रीखाली आम्ही दीड तास थांबलो. पाऊस उतरला तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. मुक्कामाचं घर वर गावात, फार तर तीन किलोमीटर. मी आनंदात होतो. खरं सांगायचं तर याचसाठी मी नऊ वर्षं तिथे येत होतो. ओला रस्ता, धुक्यात दिव्याचा पिवळा झोत आणि कानात इंजिनचा ठेका.

घाट संपला आणि सपाटीचा रस्ता सुरू झाला. रस्त्यावर पानं पडली होती. तपकिरी, चॉकलेटी, काही पिवळसर. वादळात पडतात तशी, सगळीकडे विखुरलेली. मी पन्नासच्या आसपास गेलो असेन. मग दिव्याच्या झोतात एक पान उडालं. वारा नव्हता. पान उडालं आणि फूटभर पुढे जाऊन पुन्हा बसलं.

मामांनी खांद्यावर थापटलं. "थांब. पानं न्हाईत ती."

*

मी गाडी बंद केली. आणि मग तो आवाज ऐकू आला, जो इंजिनच्या मागे दीड-दोन मिनिटं दडून राहिला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, कातळावरून, चारीतून, झाडांतून, टकटक, किरकिर, घुमणारा, पितळी भांड्यावर बोट मारल्यासारखा. हजारो बेडूक ओरडत होते. मी मोबाइलची बॅटरी लावली. रस्त्यावर ते बसलेले होते, नखाएवढे, अंगठ्याएवढे, मुठीएवढे. काही जोडीने, नर मादीच्या पाठीवर. सगळे उजवीकडच्या झाडीतून डावीकडच्या कातळाकडे निघालेले. तिथे डबक्यांत पाणी साचायला लागलं होतं.

हे बेडूक कोरडे महिने मातीत, दगडांखाली, मुळांच्या सांदीत काढतात. पहिला जोराचा पाऊस हाच त्यांना निरोप असतो. त्यातल्या कित्येकांची वीण त्या पहिल्या काही रात्रींतच उरकते, कारण कातळावरची डबकी उन्हाच्या दोन दिवसांत आटू शकतात. म्हणजे ज्या रात्री आम्ही पुण्याहून निघायचो, 'पहिला पाऊस झाला रे' असे मेसेज पाठवून निघायचो, नेमकी तीच रात्र. दर वर्षी. बारा-पंधरा बाइक्स, एकामागे एक, नऊ वर्षं.

मी मागे बॅटरी मारली. आम्ही आलो होतो त्या रस्त्यावर टायरची ओली रेघ दिसत होती. रेघेत जे होतं ते सांगत नाही.

नंतर मी हिशेब केला. पन्नासच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १४ मीटर जाते. ओल्या रस्त्यावर, डीमरच्या उजेडात, अंगठ्याएवढा बेडूक दिसलाच तर दहा-बारा मीटरवर दिसतो. म्हणजे तो बेडूक आहे हे कळायच्या आत चाक त्याच्यावरून गेलेलं असतं. गवा दिसतो. सांबर दिसतं. मला पाडू शकेल एवढं जे काही रस्त्यावर असेल त्यावर माझी नजर असते, आणि जे मला पाडू शकत नाही ते पान असतं.

मामा उतरले होते. रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं पाठ दुखतेय.

"केबिनमध्ये आवाज यायचा," ते म्हणाले.

"कसला?"

"ह्यांचा. पावसाळा लागला की. चाकाखाली फुटाणं फुटल्यागत. सहा टायर गाडीला. गावाजवळच्या पट्ट्यात लईच. पहिल्या वर्षी मी क्लीनरला इचारलं, ते काय वाजतंय? त्यो म्हणाला, बेडकं. मग मी टेपचा आवाज वाढवायला लागलो."

"दर वेळी?"

"दर वेळी. वळण आलं की हात आपसूक तिकडं जायचा." ते थांबले. "सांबराची गोष्ट शंभरदा सांगितली असंल. ही कुणाला सांगितली न्हाई. काय सांगणार? बेडकं मेली म्हणून सांगायचं?"

मला काही सुचलं नाही. तुमचा तो धंदा होता, मामा, पोट होतं, असं काहीतरी मी बोललो असेन. माझं पोट नव्हतं. मी मजा म्हणून येत होतो.

शेवटी मामाच उठले. माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि म्हणाले, "चल. मी पुढं हुतो, तू गाडी ढकल." आंबोली गाव दीडेक किलोमीटर राहिलं होतं. ते वाकून बॅटरी रस्त्यावर फिरवत पुढे चालले, पायाने नाही, हाताने बेडूक बाजूला सारत. "चल रं बाबा. व्हय पलीकडं." मी गाडी ढकलत होतो. ओल्या रस्त्यावर बुलेट ढकलणं म्हणजे काय ते ढकलल्यावरच कळतं. दर दहा पावलांवर मी थांबायचो, मामाही कंबर धरून उभे राहायचे.

मध्ये एक जीप आली. लांबून उजेड दिसला तशी मामांनी दोन्ही हात वर केले. जीप हळू झाली. "काय झालं काका? पंक्चर?"

"न्हाई. बेडकं हायत रस्त्यावर. जरा सावकाश."

आतून हसण्याचा आवाज आला, चिडवल्यासारखा नव्हे, बुचकळ्यात पडलेला. जीप आमच्याजवळून सावकाश गेली आणि पुढे गिअर बदलला. मग तो आवाज आला. मामांनी सांगितला होता तसाच, फुटाण्यांचा. आम्ही दोघंही उभे राहिलो, आवाज संपेपर्यंत. मग मामा पुन्हा वाकले.

तेवढं अंतर चालायला आम्हाला तासाहून जास्त वेळ लागला. किती वाचले? मामांच्या हाताने बाजूला झाले तेवढे, असतील शे-दीडशे. त्यातले काही परत रस्त्यावर आले असणार.

*

जिथे उतरलो त्या घरचा मुलगा पावसाळ्यात पाहुण्यांना रात्री बेडूक-साप दाखवायला नेतो. त्याने जेवताना विचारलं, एवढा उशीर का. मामांनी सांगितलं. तो हसला नाही. आत जाऊन एक फोटो घेऊन आला. एक छोटा भेकडा, तपकिरी अंगावर पिवळे पट्टे-ठिपके. आंबोली टोड. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. झांथोफ्राइन टायग्रिना हे त्याचं शास्त्रीय नाव. नामशेष होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो सगळ्यात वरच्या गटात आहे. तो आंबोलीच्या आसपासच सापडतो, आणि त्याची अंडी कातळावरच्या उथळ डबक्यांत असतात. "तुम्ही ज्या पट्ट्यातनं आलात ना," तो मुलगा म्हणाला, "तिथेच आम्ही माणसं घेऊन जातो तो दाखवायला. सगळे गाडीतनं येतात बघायला." हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याचंही पोट त्यावर होतं.

सकाळी मी एकटा चालत मागे गेलो. उन्हाची तिरीप पडली होती. रस्त्यावर कावळे आणि साळुंक्या उतरल्या होत्या. दोन वळणांमधल्या तुकड्यात मी ४३ मोजले आणि मोजणं सोडून दिलं. त्यांत तो पिवळ्या पट्ट्यांचा होता का, ते चपट्या झालेल्या कातड्यावरून ओळखण्याएवढा मी जाणकार नाही. डावीकडच्या कातळावर मात्र डबक्यांत अंडी दिसली, साबुदाण्याच्या खिरीसारखी. काहीजण पोचले होते.

परत आलो तर मामा ओट्यावर चहा पीत बसले होते. समोरच्या झाडावर शेकरू होतं, फांदीवर शेपूट लोंबकळत सोडून फणस खात बसलेलं. मामा तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होते. "हे बी असतं व्हय हितं?" ते म्हणाले. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे, मी सांगितलं. "असूदे की," मामा म्हणाले. "मला कुणी सांगितलंच न्हाई." आम्ही दुपारपर्यंत निघालो नाही.

*

पुण्याला आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं की जूनची नाइट राइड मी या वर्षीपासून करणार नाही, आणि का ते सविस्तर लिहिलं. काहींनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. एकाने विचारलं, म्हणजे आता पावसाळ्यात गाडीच चालवायची नाही का? प्रश्न चुकीचा नाही. त्या रस्त्यावरून रात्री दूध जातं, भाजी जाते, रुग्णाला घेऊन गाडी जाते. माझ्या मामांसारखा कुणीतरी आजही मासळी घेऊन घाट चढत असेल आणि त्याला रात्र टाळता येणार नाही. मला येते. मी एवढंच लिहिलं. आम्ही दिवसा जाऊ, पोचून गाड्या लावू आणि रात्री पायी फिरू. पाच जण तयार झाले. उरलेले त्या वर्षीही रात्रीच गेले आणि पहाटे धबधब्यासमोरच्या चहाचा फोटो टाकला. फोटो छान होता. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण बोलणं कमी झालं. नऊ वर्षांचा रस्ता होता तो.

मामांचं दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता त्यांना चांगलं दिसतं. लग्नकार्यात सांबराची गोष्ट अजून होते, पण तिच्यामागून ते आता दुसरी सांगतात. पोरं हसतात. टेपचा आवाज वाढवायचो म्हणतात तिथे हसणं थांबतं, आणि मामा पुढे जाऊन गव्याच्या पांढऱ्या पायांवर येतात.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊला त्यांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज होता.

"लागलाय बग हिकडं. जोरात लागलाय."

"बरं झालं, मामा."

"आंबोलीत बी असणार." थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. "तू घरात हाईस न्हवं?"

"घरातच आहे."

"ऱ्हा मग," म्हणाले आणि फोन ठेवला.